केल्विनचा शेवटचा पिवळा

"गाडीचा रंग बघितलास का? लाज वाटते मला तिच्यात बसायची," असं मी ऑगस्टमधल्या एका गुरुवारी माझ्या नवऱ्याला, केल्विनला, म्हणाले. साफ खोटं. गाडीचा रंग गेली पंधरा वर्षं तसाच होता आणि मला त्याचं काडीचंही सोयरसुतक नव्हतं. छपराला हात लावला की तळव्याला खडूसारखी पिवळी भुकटी लागायची. शेजारचं मांजर बोनेटवर झोपून उठलं की पोटाखालून पिवळं होऊन जायचं. समुद्राचा खारा वारा आणि आमच्या मूनटा गावाचं ऊन, दोघांनी मिळून गाडी खाल्ली होती. म्हणून काय झालं? एक्केचाळीस वर्षं मी त्याच किंग्सवुडमध्ये बसतेय. दोन्ही मुलं त्याच गाडीतून शाळेत गेली, सासूबाईंना त्याच गाडीतून शेवटचं दवाखान्यात नेलं. लाज कसली वाटायचीय?

खरं कारण त्याच दिवशी सकाळी घडलं होतं. कदिनाहून बाजार करून आम्ही परत येत होतो. गावात शिरल्यावर केल्विननं खिडकीतून हात बाहेर काढला आणि रस्त्याकडेच्या एका कचऱ्याच्या डब्याला रामराम केला. गुरुवारी कचऱ्याची गाडी येते, म्हणून घराघरापुढे ते उंच हिरवे डबे उभे असतात. "चर्चमधली मॅव्हिस फार खचली गं," तो कळवळून म्हणाला. मला असं हसू फुटलं म्हणता! मी ते हसू दाबत तोंडावर रुमाल धरून बसले होते, आणि पुढच्याच वळणावर शाळेपाशी एक पोरगी सायकल हातात धरून रस्ता ओलांडत होती. केल्विननं वेग कमी केला नाही. मी किंचाळले. ब्रेक लागला तेव्हा पोरगी आणि गाडी यांच्यात हातभर जागा उरली होती.

"ऊन डोळ्यांवर आलं," केल्विन म्हणाला. त्या दिवशी आभाळ सकाळपासून भरलेलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, सरळ सांगायचं की मेल्या तुला दिसत नाही, किल्ली दे इकडे. सांगणाऱ्याचं काय जातं! तुम्ही माझ्या सासऱ्यांना पाहिलेलं नाही. त्यांचे डोळे असेच गेले होते, मधोमध. समोरचा माणूस दिसायचा नाही, त्याच्या बाजूचं दार तेवढं दिसायचं. मग अकरा वर्षं ते व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीत बसून राहिले. येणारे-जाणारे त्यांच्याशी मोठ्यानं बोलायचे, जसं काही डोळ्यांबरोबर कानही गेले होते. केल्विननं त्यांना मांस भरलेल्या पास्टीचे घास भरवले होते. ते गेल्यावर तो मला एकदाच म्हणाला होता, "मला तसं बसवू नकोस, ग्लेनिस. काहीही कर, पण तसं बसवू नकोस." आणि गेलं वर्षभर तो माझ्याशी बोलताना माझ्या कानाकडे बघत होता. मला कळत नव्हतं असं नाही. डोळ्यांच्या डॉक्टरचं नाव काढलं की तो उठून कोंबड्यांना दाणे घालायला जायचा. इतके दाणे खाऊन कोंबड्या चालेनाशा झाल्या.

म्हणून मी रंगाचं काढलं. केल्विननं चाळीस वर्षं गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग केलंय. मूनटा, कदिना, वॉलरू, तिन्ही गावांत त्याच्या हातची गाडी ओळखू यायची, म्हणजे ओळखू यायचीच नाही, कुठे ठोकली होती ते. लोक रंगाचा नंबर बघून डबा मागवतात. केल्विन नुसत्या डोळ्यांनी रंग मिसळायचा. दोन थेंब हे, अर्धा थेंब ते, काडीवर घेऊन उन्हात धरायचा, मान तिरकी करायचा, आणि जुन्या रंगाशेजारी नवा लागला की सांधा सापडायचा नाही. एवढं सगळं असून स्वतःच्या गाडीला त्याला कधी वेळ मिळाला नव्हता. तिला घरी बसून नीट करायचं हे त्याचं जुनं स्वप्न होतं. मी फक्त त्याला ढोसलं. आणि रंगाचं काम काढायचं म्हणजे आधी गाडीचे बंपर काढायचे, दिवे काढायचे, नंबरप्लेट काढायची. अशी सोललेली गाडी रस्त्यावर नेता येत नाही. एवढाच माझा कावा होता.

मग कुठे जायचं झालं तर माझी छोटी गाडी होती. तिला केल्विन शिवणाचं मशीन म्हणतो. तिच्या चालकाच्या जागेवर बसणं त्याला कमीपणाचं वाटायचं. तो बाजूला गुडघे नाकाला लावून बसायचा आणि कदिनापर्यंत कुरकुर करायचा. मी म्हटलं, कर बाबा, हवी तेवढी कुरकुर कर. माझा जीव भांड्यात पडला होता.

पण कामाला लागला ना, तेव्हा माझाच जीव त्याच्यात अडकत गेला. मी आजवर त्याला काम करताना कधी बघितलंच नव्हतं. सकाळी न्याहारी झाली की तो मागच्या शेडमध्ये जायचा. बादलीत पाणी, त्यात चार थेंब भांडी धुवायचा साबण, आणि त्यात रात्रभर भिजवलेला घासकामाचा वॉटर पेपर. तो कागद एका रबराच्या ठोकळ्याला गुंडाळायचा आणि बोनेटवरून असा हळुवार फिरवायचा, की मला, खरं सांगते, त्या बोनेटचा हेवा वाटला. मग रबिंगची पेस्ट, मग कापसाचं फडकं. जुना रंग घासला की फडकं पिवळं व्हायचं आणि खालून रंगाचा नवा थर वर यायचा, दाट, ओला, ताज्या कस्टर्डसारखा. पहिल्या दिवशी ताटाएवढाच तुकडा झाला. पण त्या तुकड्यात शेडचा पत्रा दिसत होता, खिडकी दिसत होती, आणि आम्ही दोघं म्हातारे दिसत होतो.

"अगं बाई!" मी म्हणाले.

"होतीच ती तिथं," केल्विन म्हणाला. "नुसती धूळ झाली होती वरून."

मला एक स्टूल मिळालं आणि एक काम. "फडक्याकडे लक्ष ठेव," त्यानं सांगितलं. "पिवळं आहे तोवर ठीक. जरा जरी राखाडी दिसलं की ओरड. राखाडी म्हणजे खालचं अस्तर लागलं, रंग संपला." चाळीस वर्षं हे त्याचं तोच बघत आला होता. मी काही विचारलं नाही, त्यानंही काही सांगितलं नाही. मी स्टुलावर बसून विणकाम करायची आणि मधून मधून म्हणायची, "पिवळं. पिवळं. अजून पिवळं." बाकीचं सगळं तो बोटांनी करायचा. सँडविचची पातळ पिशवी हातात घालून पत्र्यावरून फिरवायचा. पिशवीतून म्हणे बारीकसा खरखरीतपणाही लागतो. मी डोळे मिटून करून बघितलं, खरंच लागतो.

पण काम संपत आलं तर? मग तो पुन्हा रस्त्यावर येणार. डिसेंबरात बोनेट संपलं तेव्हा मी म्हणाले, "इथं एक ओरखडा दिसतोय." ओरखडा कसला न् काय! त्यानं पुन्हा दोन दिवस घासलं. जानेवारीत, म्हणजे आमच्याकडे ऐन उन्हाळ्यात, शेडची भट्टी झालेली असताना, मला दारावर ढग दिसले. फेब्रुवारीत डाव्या दाराच्या खांबाला खळी दिसली. तोंडानं फटकळ असले तरी मी खोटारडी बाई नाही, पण त्या उन्हाळ्यात मी गाडीवर इतके डाग बघितले, की चर्चमध्ये जायची मला चोरी झाली. केल्विन पुन्हा बादली भरायचा.

दर शनिवारी दहा वाजता क्लेम आणि डेन्झिल यायचे. क्लेम नॅनकिव्हल केल्विनबरोबर शाळेत होता आणि त्यानं आयुष्यभर खाटीकखाना चालवला. डेन्झिल पास्को वेल्डर. गाडीचं डावीकडचं मागचं मडगार्ड गंजून चाळण झालं होतं, ते कापून त्यानंच नवा पत्रा जोडून दिला होता. हे दोघं यायचे, माझ्या हातचा केक संपवायचे आणि केल्विनला शिव्या घालायचे.

"सहा महिने?" क्लेम दारातूनच सुरू व्हायचा. "लेका, एवढ्या वेळात लोकांनी चर्च बांधलीत."

"त्याला घासू दे रे," डेन्झिल म्हणायचा. "घरातली भांडी घासायची सवय लागतेय. ग्लेनिस त्याला पुढे स्वयंपाकघरात बढती देणार आहे."

"ते दार वाकडं दिसतंय."

"दार सरळ आहे. तू वाकडा उभा आहेस. तुझी कंबर कुठल्या मेंढीला विकलीस?"

हे असं तासभर. आमच्याकडे पुरुषमाणसाला दुसऱ्याबद्दल माया वाटली की त्याच्या तोंडून अपमानच बाहेर पडतो, त्याला इलाज नाही. डेन्झिलच्या लग्नात क्लेमनं भाषण केलं होतं, ते ऐकून नवरीची आई रडली, आनंदानं नव्हे. कुणाच्या कामाला तोंडावर चांगलं म्हणणं म्हणजे त्याला परका मानणं. चांगलं म्हणतात ते फक्त प्रेताबद्दल. चर्चमध्ये शवपेटी पुढे ठेवलेली असते, आणि हेच लोक उठून गळा दाटून सांगतात, काय सुंदर काम होतं हो त्याचं.

एप्रिल उजाडला. मे महिन्यात, खाणीवर कामाला आलेल्या पूर्वजांच्या नावानं, आमचा कॉर्निश मेळा भरतो, दर दोन वर्षांनी, आणि त्यात जुन्या गाड्यांची मिरवणूक निघते. केल्विननं नाव घातलं. विचारलंसुद्धा नाही मला. "गाडी तयार आहे," तो म्हणाला. "फक्त ते मडगार्ड राहिलं. रंग मिसळतो, दोन दिवसांत मारून टाकतो. मग कदिनाला जाऊन येऊ, तू अन् मी, खिडक्या उघड्या टाकून." त्याच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की मला कुठे तोंड लपवू असं झालं. गाडीभोवती हिंडून बघितलं, एकही डाग दाखवायला उरला नव्हता. गाडी अशी दिसत होती की दुकानातून काल आणलीय.

रंग मिसळताना त्यानं मला शेडमध्ये येऊ दिलं नाही. "हे माझं आहे," म्हणाला. मी खिडकीतून बघितलं. समोर चार-पाच डबे. नवा पिवळा त्याला भडक वाटत होता. त्याला जरा जुना करायचा म्हणून त्यानं काळ्याचा थेंब टाकला. काडी दारात उन्हात धरली, मान तिरकी केली, अगदी पूर्वीसारखी. मग आणखी एक थेंब. मग आणखी एक. सुपाला मीठ लागतंय का बघावं तसा चालला होता बिचारा. पिवळ्यात काळा जास्त झाला की तो हिरवा होतो, हे मलासुद्धा त्याच्याकडूनच माहीत झालेलं. दार उघडून आत जावं, हात धरावा, असं वाटलं. नाही गेले. भेकड आहे मी. शिव्या द्यायला लागतात तेव्हा पहिली, आणि खरं बोलायची वेळ आली की मागे सरते.

दुसऱ्या दिवशी त्यानं फवारा मारला, तिसऱ्या दिवशी घासून चकाकवलं, आणि शनिवारी सकाळी गाडी शेडबाहेर उन्हात ढकलली.

फवारा कसा बसला म्हणाल तर बघण्यासारखा. एक ओघळ नाही, एक कण नाही. आरशासारखं मडगार्ड. आणि रंग मटारच्या सुपाचा. सगळी गाडी कस्टर्डसारखी पिवळीधमक, आणि डाव्या मागच्या कोपऱ्याला हे एवढं हिरवं.

"काय?" केल्विननं विचारलं. माझ्या कानाकडे बघत हसत होता.

"केक भट्टीत आहे माझा," असं म्हणून मी आत पळाले.

दहा वाजता ते दोघं आले. मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी होते. मनात म्हटलं, क्लेम, बोल रे बाबा, तू बोल. तुझ्या जिभेला हाड नाही, आज ती उपयोगी पडू दे. क्लेम नेहमीसारखा तोंड उघडूनच आत शिरला. मग त्यानं मडगार्ड बघितलं. तोंड मिटलं. डेन्झिलकडे बघितलं. डेन्झिलनं टोपी काढली आणि हातात धरून उभा राहिला. मग दोघांनी केल्विनकडे बघितलं. तो फडक्याला हात पुसत मडगार्डाच्या जरा पलीकडे, कुंपणाकडे तोंड करून उभा होता. त्यांना तेव्हाच सगळं कळलं असणार.

"छान झालंय रे, केल्व," क्लेम म्हणाला. "खरंच. फार सुंदर."

"सुंदर," डेन्झिल म्हणाला. "हात आहे तुझा."

"एवढं चांगलं काम मी बघितलेलं नाही," क्लेम म्हणाला, आणि त्याचा आवाज चक्क कापला. मग त्यांना दोघांनाही एकदम कामं आठवली. केक तसाच राहिला. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

फाटक वाजलं. केल्विन अंगणात एकटा उभा राहिला.

"ग्लेनिस," त्यानं हाक मारली. "बाहेर ये. कोण मेलंय?"

"कुणी नाही मेलं."

"मग क्लेम मला सुंदर का म्हणाला?"

मी पायरीवरच थांबले. तो हळूहळू मडगार्डाकडे वळला, त्यावर तळवा ठेवला, एकदा खालून वर, एकदा वरून खाली. "पत्रा बरोबर आहे," तो म्हणाला. "लांबी बरोबर आहे. फवारा बरोबर बसलाय. मग रंग चुकलाय. सांग मला, कसला दिसतोय?"

"केल्व..."

"कसला दिसतोय, बाई?"

"हिरवा," मी म्हणाले. "मटारच्या सुपासारखा."

तो पालथ्या बादलीवर बसला. मी त्याच्याशेजारी गवतात बसले, माझ्या गुडघ्यांना ते आवडलं नाही पण बसले. आणि मग सगळं सांगून टाकलं. कचऱ्याचा डबा, सायकलवाली पोरगी, रंगाची लाज वगैरे सगळी थाप, आणि डिसेंबरपासून मी दाखवलेला एकूण एक डाग. बोलता बोलता मी रडत होते आणि स्वतःला शिव्या देत होते.

"बोनेटवरचा ओरखडा," केल्विन म्हणाला. "तिथं काही नव्हतं. खांबावर खळीही नव्हती. डोळे गेले असतील, बोटं कुठे गेलीत माझी?"

मी रडायची थांबले. "मेल्या! मग दोन-दोन दिवस घासत काय बसलास?"

"काम संपलं असतं," तो म्हणाला, "तर किल्ली हातात घ्यावी लागली असती. ती पोरगी मला दिसलीच नव्हती, ग्लेनिस. तू ओरडलीस तेव्हा मला कळलं तिथं कुणीतरी आहे. मी रोज रात्री तिचाच विचार करतो. मला वाटायचं, तू अजून एक डाग दाखव. अजून एक दाखव."

आठ महिने आम्ही दोघं, पन्नास वर्षं एका छपराखाली काढलेली माणसं, एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत एका गाडीच्या दोन बाजूंना बसलो होतो. मी त्याला इतकं घट्ट धरलं की बादली कलंडली आणि आम्ही दोघंही गवतात पडलो. शेजारचं मांजर बघत होतं. बघू दे.

मग तो उठला, घरात गेला आणि त्यानं क्लेमला फोन लावला. "ऐक रे खाटका," तो ओरडला, "माझे डोळे चाललेत, कळलं? डोळे. मी नाही चाललोय. पुन्हा माझ्या कामाला सुंदर म्हणालास तर तुझ्या अंत्यविधीला येऊन खरं काय ते सांगेन." मग क्लेमनं तोंडाचा जो पट्टा सोडला! मडगार्डापासून सुरुवात करून तो केल्विनच्या खानदानापर्यंत पोचला. दहा मिनिटं चालला असेल. केल्विन भिंतीला टेकून, पोट धरून हसत होता. महिनोन् महिन्यांत तो असा हसला नव्हता.

सोमवारी मी त्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं, शिवणाच्या मशीनमधून. डॉक्टरनं जे सांगितलं ते आम्हाला ठाऊकच होतं. लायसन केल्विननं न मागताच काढून टेबलावर ठेवलं. परत येताना म्हणाला, "मिरवणुकीत गाडी तू चालवायचीस."

"मी? त्या गाडीला मला चाळीस वर्षं हात लावू दिला नाहीस!"

"म्हणून तर ती टिकली. आता शिकवतो."

स्टिअरिंगलाच गिअरचा दांडा, तीन गिअर, आणि क्लच असा जड की बैलाच्या पायावर पाय द्यावा. फुटबॉलच्या मैदानावर आम्ही तीन आठवडे भांडलो. गाडी बंद पडायची, तो कपाळावर हात मारायचा, मी खाली उतरून चालत घरी निघायची, तो हाका मारत बसायचा. डेन्झिलनं दुकानातून बरोबर नंबरचा रंग आणून मडगार्ड पुन्हा मारून द्यायची तयारी दाखवली. केल्विननं नको म्हणून सांगितलं. "माझ्या हातचा शेवटचा पिवळा आहे तो. हिरवा झाला तर झाला. राहू दे." मग कुणी तो विषय काढला नाही. पण डोळ्यांचं त्यानं त्या दोघांपलीकडे गावात कुणाला सांगितलं नाही. तेवढं अजून त्याच्या तोंडून निघत नव्हतं. वडिलांशी बोलायचे तसे लोक त्याच्याशीही मोठ्यानं बोलायला लागतील, याची धास्ती होती. कुणी विचारलं तर गुडघा दुखतो म्हणून ग्लेनिस चालवतेय, असं सांगायचं ठरलं.

मिरवणुकीच्या दिवशी अख्खं गाव रस्त्याच्या दोन्ही कडांना उभं होतं. पुढे बँड, मग पंचवीस-तीस गाड्या, मध्ये आम्ही. मी स्टिअरिंगला अशी चिकटले होते की हनुवटी त्याला लागत होती. केल्विन डावीकडे, खिडकीची काच खाली करून, नवा सदरा घालून बसला होता. लोक हात करायचे, तो आवाजाच्या दिशेनं हात करायचा. त्याच्या बाजूची कड म्हणजे नेमकी मडगार्डाची कड. गाडी पुढे गेली की मागे खसखस पिकलेली मला ऐकू यायची. त्यालाही येत असणार.

टपाल कचेरीपाशी मिरवणूक जरा थांबली. क्लेम आणि डेन्झिल तिथंच उभे होते, हातात पास्टी. त्यांच्या शेजारी बाहेरगावचा एक धिप्पाड माणूस होता, ॲडलेडहून मेळा बघायला आलेला असावा. त्यानं मडगार्ड बघितलं आणि सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असा ओरडला, "अहो, ही गाडी काय आंधळ्यानं रंगवलीय?"

लोक हसले. क्लेमचा घास तोंडातच राहिला. डेन्झिलचा हात पुन्हा टोपीकडे गेला. मला वाटलं, आत्ताच्या आत्ता गिअर टाकावा आणि बँडवरून गाडी घालून इथून निघून जावं. मी केल्विनकडे बघितलं. तो त्या माणसाच्या आवाजाकडे मान वळवून बसला होता. मग त्यानं दार धरून कमरेपर्यंत अंग खिडकीबाहेर काढलं.

"हो!" तो गर्जला. "मीच तो! बरोबर ओळखलंत!"

बँड नेमका तेव्हाच थांबलेला, त्यामुळे रस्त्याच्या टोकापर्यंत ऐकू गेलं. ज्या बायकांना मी पन्नास वर्षं ओळखते त्या तोंडावर हात ठेवून उभ्या होत्या. तो बाहेरगावचा माणूस लालबुंद झाला, काहीतरी माफी मागायला लागला. आता गावातले सगळे त्याला हळू आवाजात सुंदर, सुंदर म्हणणार, असं मला वाटलं.

तेवढ्यात क्लेमनं तोंडातला घास गिळला.

"त्याचं ऐकू नका हो!" तो त्या माणसाला ओरडून म्हणाला. "डोळे होते तेव्हाही असंच रंगवायचा तो!"

केल्विन खिडकीत लटकून इतका हसला, इतका हसला, की डोळ्यांतून पाणी गळायला लागलं आणि सगळा रस्ता त्याच्याबरोबर हसला. पुढची गाडी हलली. मला समोरचं काही नीट दिसत नव्हतं, मी बाहीनं डोळे पुसले आणि क्लच सोडला. गाडी धक्का खाऊन बंद पडली.

"पहिला गिअर, बाई," केल्विन आत येऊन बसत म्हणाला. "आधी पहिला टाकतात."